कळसूबाईला निघालीस, तर ऐक

पोरी, दसरा झाला की कळसूबाईला जायचं म्हणतेस, वेळ नेमकी साधलीस. चिखल सरलेला असतो, सोनकीची पिवळी फुलं अजून कुठे कुठे तग धरून असतात आणि हवा धुतलेली असते. १६४६ मीटर म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. स्वच्छ सकाळी तिथून अलंग, मदन, कुलंग अगदी जवळ आल्यासारखे वाटतात. खाली भंडारदऱ्याचं पाणी. बघत बस, घाई करू नको.

पण परतीच्या पावसाला जप. सकाळी आभाळ कोरं असतं आणि दुपारी अचानक कडाडायला लागतं. माथा उघडा, वाटेत लोखंडी शिड्या, आणि वर आडोसा म्हणावा तर देवीचं इवलंसं देऊळ. म्हणून बारी गावातून उजाडताच चालायला लाग. चढाला तीन ते चार तास धर आणि बाराच्या आत माथा सोड. त्याआधीच ढगांचे मनोरे उभे राहताना दिसले, तर शिखर दहा मिनिटांवर असलं तरी मागे फिर. कुणी कितीही चिडवलं तरी फिर. बाई तिथेच आहे, पुन्हा जाता येईल.

दुसरं, सगळा दम चढात संपवू नको. या दिवसांत गवत वाळायला लागतं, मुरूम सुटा होतो आणि उतरताना घसाऱ्यावर पाय सरकतात. थकलेल्या मांड्या तिथेच दगा देतात. पावलं आखूड टाक, गुडघे किंचित वाकलेले ठेव, टाच न रोवता सगळा तळवा टेक. शिडीवरून उतरताना तोंड शिडीकडेच हवं. हातातली काठी आधी सॅकला बांध, दोन्ही हात मोकळे ठेव. पुढचा माणूस उतरून बाजूला होईपर्यंत थांब. शनिवार-रविवारी मागची मंडळी घाई करतील, करू देत.

पाणी घरूनच तीन लिटर घे. ऑक्टोबरचं ऊन अंगावर आलं की दोन पुरत नाही. बरोबर गूळ-शेंगदाणे, दशम्या, चिमूटभर मीठ. खाणं पिशवीत घालून हातात मिरवू नको, माकडं ओढून नेतात आणि त्या ओढाताणीत माणसाचा तोल जातो. मोहोळ दिसलं तर आवाज नको, धूर नको, आणि अंगाला अत्तर तर मुळीच नको. दिवस लहान झालेत, बॅटरी जवळ असू दे.

वर पोचलीस की चपला-बूट बाहेर काढून देवीला नमस्कार कर. आसपासच्या गावांची ती जिव्हाळ्याची देवता आहे. आणि सकाळी निघतानाच बारीतल्या एखाद्या घरी दुपारच्या पिठलं-भाकरीचं सांगून ठेव. किती जण, साधारण कितीला उतराल, तेही सांग. म्हणजे उशीर झालाच तर वाट बघणारं कुणीतरी गावात असतं.