जिवाणूंची बँक कशासाठी?

प्रश्न : चंडीगडला जिवाणूंची बँक आहे, असं ऐकलं. जिवाणू बँकेत ठेवायचे कशाला? आणि ते तिथे जिवंत कसे राहतात?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. चंडीगडच्या सेक्टर ३९मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची (सीएसआयआर) सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे. १९८४ साली स्थापन झालेली ही संस्था ‘इमटेक’ नावानं ओळखली जाते. क्षयाचे जिवाणू, प्रथिनांची रचना, किण्वन, जैवमाहितीशास्त्र हे तिथले अभ्यासविषय. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज तयार करण्याचं तंत्रही तिथे विकसित झालं. तुम्ही म्हणता ती बँक, म्हणजे ‘एमटीसीसी’, याच संस्थेत १९८६मध्ये सुरू झाली.

संशोधनासाठी जिवाणू पुरवणं हे तिचं एक काम, दुसरं पेटंटचं. पेटंट हवं तर शोध असा लिहून द्यावा लागतो, की जाणकाराला तो वाचून प्रत्यक्षात आणता यावा. यंत्राचा आराखडा काढता येतो, औषधाची कृती मांडता येते. पण कुठल्याशा मातीत सापडलेला जिवाणू नुसत्या वर्णनावरून कोण बनवणार? म्हणून अर्जासोबत जिवाणूच जमा करायचा. १९७७च्या बुडापेस्ट करारानुसार एका मान्यताप्राप्त केंद्रात ठेवलेली ठेव सर्व सदस्य देशांत चालते. भारत या करारात २००१च्या डिसेंबरमध्ये सामील झाला आणि २००२च्या ऑक्टोबरमध्ये एमटीसीसीला मान्यता मिळाली. तोवर आपल्या संशोधकांना अशी ठेव परदेशी केंद्रांत ठेवावी लागे. २०११मध्ये पुण्यातल्या एका केंद्रालाही ही मान्यता मिळाली.

आता जिवंत राहण्याचं. जिवाणू साय काढलेल्या दुधासारख्या संरक्षक द्रवात मिसळून काचेच्या छोट्या कुपीत भरतात, गोठवतात आणि निर्वातात त्यातलं पाणी काढून घेतात. बर्फ वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. मग कुपीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करतात. आत उरते चिमूटभर कोरडी भुकटी. पाणीच नसल्यानं जिवाणूंचे व्यवहार थांबतात, पण ते मरत नाहीत. कित्येक वर्षांनंतरही पोषक द्रवाचे थेंब पडले, की ते पुन्हा वाढू लागतात. ज्यांना ही सुकवणूक सोसत नाही, त्यांना उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात.

पेटंटची मुदत २० वर्षं, ठेवीची मात्र किमान ३०. मक्तेदारी संपल्यावर तो जिवाणू इतरांच्याही हाती यावा, हीच त्यामागची सोय.