सलमाची रोजनिशी

'रोज' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तो फारसीतून मराठीत आला आणि 'रोजनिशी' या शब्दातही आहे. पेशव्यांच्या दफ्तरात राज्यकारभाराची रोजनिशी लिहीत असत. सलमाच्या रोजनिशीत मात्र कारभार कमी आणि घोटाळे जास्त! सलमा मालेगावच्या एका उर्दू शाळेत सातवीत शिकते. तिच्या वहीतील ही काही पाने वाचा.

सोमवार
मराठीच्या मॅडमनी आज फर्मान काढले, "हा आठवडाभर माझ्या तासाला फक्त मराठी बोलायचे. चिठ्ठीसुद्धा मराठीतच!" वर्गात इतकी शांतता पसरली, की शेजारच्या गल्लीतील यंत्रमागांचा खटखटाट ऐकू येऊ लागला. मॅडम खूश झाल्या. त्यांना वाटले, आम्ही शहाण्या झालो. खरे म्हणजे कोणाला काही बोलताच येत नव्हते.

मंगळवार
मॅडम मला म्हणाल्या, "खाली बस." मी खिडकीतून रस्त्याकडे पाहिले. बस नव्हतीच; ना रिकामी, ना भरलेली. सगळा वर्ग हसला. नसरीन सर्वांत जोरात हसली. मला फार लागले. मधल्या सुट्टीत मी सगळ्यांना सांगून टाकले, की नसरीन अजून अंधाराला घाबरते.

बुधवार
नसरीनने चिठ्ठी दिली, "मला तुझा राग आला आहे." वा! स्नेहसंमेलनाच्या गाण्यासाठी मुली निवडायच्या आहेत. मी तिला हळूच सा रे ग म ऐकवले. ती दप्तर उचलून मागच्या बाकावर जाऊन बसली. बहुधा तिला लांबून ऐकायचे असेल.

गुरुवार
नसरीन बोलत नाही. डबाही मी एकटीनेच खाल्ला. संध्याकाळी शेजारच्या काकूंना चिठ्ठी दाखवली. त्या म्हणाल्या, "अगं वेडे, राग म्हणजे गुस्सा!"
अरेरे! आणि मी तिच्यासमोर गात होते! एकदा रात्री वीज गेली होती, तेव्हा माझा हात घट्ट धरून नसरीनने ती अंधाराची गोष्ट मला सांगितली होती. फक्त मला.

शुक्रवार
आज सुट्टी. यंत्रमागही बंद. चिठ्ठी लिहिली, फाडली. पुन्हा लिहिली, पुन्हा फाडली. अम्मी म्हणाली, "वही संपली, तर नवी मिळणार नाही."

शनिवार
शेवटी ही चिठ्ठी दिली : "नसरीन, मी चुकले. मला माफ कर. तुझ्याशिवाय माझे मन खाली आहे. मी पालीला घाबरते. तू हे सगळ्यांना सांग."
तिने ती दोनदा वाचली. मग 'खाली' या शब्दाभोवती लाल गोल काढून लिहिले, "मन खाली पडले असेल तर लवकर उचल. कोणीतरी पाय देईल."
ती पुन्हा माझ्या बाकावर आली आहे. पालीची गोष्ट तिने कोणालाही सांगितली नाही. निदान मधल्या सुट्टीपर्यंत तरी नाही.

स्वाध्याय : 'आई' या शब्दाचा उर्दूत आणि मराठीत अर्थ काय? असा गोंधळ तुमचाही कधी झाला असेल, तर त्या दिवसाची रोजनिशी दहा ओळींत लिहा.