लॅपटॉपवर गाणे अडखळते? कारण शोधण्याची क्रमवार पद्धत



आजचा पाठ संगणकाचा आहे, पण तो उपयोगी पडतो शाळेच्या मैदानावर. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातल्या बहुतेक शाळांत आता परिपाठ, कवायत, स्नेहसंमेलन, श्रवणकौशल्याचे उपक्रम या सगळ्यांना लॅपटॉप आणि स्पीकर लागतोच. मुलं महिनाभर नाचाचा सराव करतात, पालक दुपारची शिफ्ट बदलून येतात आणि ऐन कार्यक्रमात गाणं तुटक-तुटक वाजायला लागतं. पहिली ओळ वाजते, थांबते, पुन्हा सुरू होते. मुलांची पावलं चुकतात. दोष मुलांचा नसतो, पण रडवेली तीच होतात.

असं झालं की सगळे एकदम सल्ले देतात. "स्पीकर बदला", "लॅपटॉप जुना झालाय, नवीन घ्या", "व्हायरस असेल, फॉरमॅट मारा." यातलं काहीही करण्याआधी खर्च न करता कारण शोधता येतं. त्यासाठी आधी आवाज तयार कसा होतो ते थोडं समजून घेऊ.

आवाजाची टाकी

लॅपटॉपमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. सीडीच्या दर्जाच्या आवाजात एका सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीची नोंद घेतलेली असते. प्रत्येक नोंद २ बाइटची, आणि डावा व उजवा असे २ भाग. म्हणजे ४४,१०० × २ × २ = १,७६,४०० बाइट दर सेकंदाला.

आपलं राष्ट्रगीत पूर्ण वाजायला सुमारे ५२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात साधारण ९२ लाख बाइट स्पीकरच्या दिशेने जायला हवेत. तेच राष्ट्रगीत १२८ केबीपीएसच्या एमपी३ फाइलमध्ये असेल तर जागा सुमारे ८ लाख बाइटच लागते. पण वाजवताना प्रोसेसरला ती फाइल उलगडून पुन्हा पूर्ण आकडे तयार करावे लागतात.

आता आपल्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. नळाला पाणी ठरावीक वेळेला येतं, तरी घरातला नळ दिवसभर चालतो, कारण मध्ये टाकी आहे. संगणकातही अशीच एक छोटी टाकी असते. तिला बफर म्हणतात. प्रोसेसर तीत आकडे भरत राहतो आणि साउंड चिप त्यातून एका गतीने काढत राहते. विंडोजमध्ये हे काम साधारण १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत चालतं. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा टाकी भरावी लागते.

प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला, किंवा त्याच्यापर्यंत फाइलच वेळेत पोहोचली नाही, तर टाकी रिकामी होते. चिपला वाजवायला काही उरत नाही. त्या क्षणी जे ऐकू येतं तेच अडखळणं. चित्रपटातली एखादी चौकट गळाली तर डोळा सहसा चालवून घेतो. कान मात्र एका सेकंदाच्या शंभराव्या भागाची खोटही पकडतो.

म्हणून प्रश्न एकच विचारायचा: टाकी कुठे रिकामी होतेय? वाटेत पाच ठिकाणं आहेत: इंटरनेट, फाइल ठेवलेली जागा, प्रोसेसर, ड्रायव्हर आणि स्पीकरपर्यंतचा रस्ता.

आधी नीट ऐका

गाणं थांबून-थांबून वाजतं, की गाणं सलग आहे पण मागे "घूंऽऽ" असा आवाज येतो? हे दोन वेगळे आजार आहेत. चार्जरची पिन काढल्यावर घुमणं बंद झालं तर तो अर्थिंगचा किंवा चार्जरचा प्रश्न आहे. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. खरखर फक्त मोठ्या आवाजात येत असेल तर स्पीकरवर ताण पडतोय, आवाज कमी करा. अडखळणं असेल तरच पुढच्या चाचण्या करा.

एक नियम कटाक्षाने पाळायचा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाणं सुधारलं, तर नेमकं कशाने सुधारलं ते कळत नाही. विज्ञानाच्या प्रयोगात आपण हेच शिकवतो.

चाचणी १ : इंटरनेट

गाणं ऑनलाइन वाजतंय का? मग ती फाइल डाउनलोड करून लॅपटॉपमध्ये ठेवा, एअरप्लेन मोड चालू करा आणि वायरच्या हेडफोनवर ऐका. आता सलग वाजलं तर नेटचा वेग कमी पडत होता. कार्यक्रमात मैदानावरचे शंभर मोबाइल त्याच टॉवरवर असतात, म्हणून वर्गात चाललेलं ऑनलाइन गाणं मैदानात अडकतं. मात्र एअरप्लेन मोडने वाय-फायही बंद होतो. त्यामुळे अडखळणं थांबलं, तर वाय-फायचा ड्रायव्हरही संशयित आहे हे लक्षात ठेवा. एअरप्लेन मोड काढून तीच डाउनलोड केलेली फाइल वाजवली की दोन्हींतला फरक कळतो.

चाचणी २ : फाइल कुठे आहे?

पेन ड्राइव्हवरून थेट वाजवू नका. जुना पेन ड्राइव्ह किंवा सैल झालेला यूएसबी पोर्ट असेल तर माहिती वेळेत येत नाही. फाइल डेस्कटॉपवर कॉपी करून वाजवा. नेहमी एकाच ठिकाणी अडकत असेल तर फाइलच बिघडलेली असू शकते. तीच फाइल मोबाइलवर ऐका. तिथेही त्याच शब्दाला अडकली, तर लॅपटॉप निर्दोष आहे.

चाचणी ३ : ब्लूटूथ की वायर?

ब्लूटूथ स्पीकर काढून साधी वायर लावा. गाणं लगेच सुधारलं तर दोष हवेतल्या रस्त्याचा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतो आणि बरेच वाय-फाय राउटरही त्याच पट्ट्यात बोलतात. उल्हासनगरच्या कॅम्पमधल्या एकमेकींना चिकटलेल्या इमारतींत आजूबाजूच्या पंधरा-वीस घरांचे वाय-फाय एकाच खोलीत दिसतात. त्या गर्दीतून ब्लूटूथला वाट काढावी लागते. त्यात माणसाचं शरीर हे लहरी शोषून घेतं. लॅपटॉप आणि स्पीकरच्या मध्ये मुलांची रांग उभी राहिली की आवाज तुटतो, तो याच कारणाने. उपाय म्हणजे स्पीकर जवळ व उंचावर ठेवणे, राउटर ५ गिगाहर्ट्झवर नेणे, आणि कार्यक्रमात सरळ वायर वापरणे.

चाचणी ४ : प्रोसेसर, मेमरी, डिस्क

गाणं चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतात. गाणं अडखळतं त्या क्षणी कोणता रकाना १०० टक्क्यांजवळ जातो ते पाहा. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सर्वांत जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. बहुतेक वेळा तो विंडोज अपडेट, अँटिव्हायरसचं स्कॅनिंग किंवा ब्राउझरचे वीस उघडे टॅब असतात. ते संपू द्या किंवा बंद करा.

काहीही न उघडता डिस्क सतत १०० टक्के असेल आणि लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्या. डिस्कमधून टिकटिक ऐकू येत असेल तर आजच घ्या. अशा वेळी नवा लॅपटॉप घेण्यापेक्षा फक्त एसएसडी बसवणं कितीतरी स्वस्त पडतं.

चाचणी ५ : उष्णता आणि वीज

पहिली पंधरा मिनिटं छान आणि मग अडखळणं सुरू, असं होतंय का? लॅपटॉपच्या तळाला हात लावून पाहा. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसी पट्ट्यातल्या वर्गात पंख्याच्या जाळीत धूळ बसायला वेळ लागत नाही. जाळी साफ करून घ्या. लॅपटॉप गादीवर, टेबलक्लॉथवर किंवा उन्हात ठेवू नका.

विजेचंही पाहा. बॅटरी सेव्हर चालू असेल तर बंद करा. काही लॅपटॉप मूळ नसलेला चार्जर ओळखत नाहीत आणि वेग मुद्दाम खाली ठेवतात. बाजारातून स्वस्त चार्जर आणल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर संशय आधी तिकडे.

चाचणी ६ : ड्रायव्हर आणि सेटिंग

वरचं सगळं ठीक असेल तरच इथे या. साउंड सेटिंगमध्ये आपल्या स्पीकरचं पान उघडा. तिथे ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा आणि फॉरमॅट १६ बिट, ४८,००० हर्ट्झ निवडून पाहा. मग लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून ऑडिओ आणि वाय-फाय या दोन्हींचे ड्रायव्हर घ्या. दोन्ही अशासाठी, की वाय-फायचा ड्रायव्हर प्रोसेसरला काही क्षण अडवून ठेवतो आणि बदनाम साउंड कार्ड होतं. कोणता ड्रायव्हर अडवतोय हे लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्रॅम दाखवतो.

व्हीएलसी प्लेअर वापरत असाल तर टाकीच मोठी करता येते. प्रेफरन्सेसमध्ये इनपुट अँड कोडेक्सच्या सविस्तर सेटिंगमध्ये फाइल कॅशिंग १,००० मिलिसेकंद असतं, ते ३,००० करा. फाइल हळू येत असेल तर याचा फायदा होतो. प्रोसेसर किंवा ड्रायव्हर अडत असेल तर होत नाही. टाकी मोठी केली म्हणून मोटर दुरुस्त होत नाही!

थोडक्यात

- फक्त ऑनलाइन अडकतं: इंटरनेट
- नेहमी एकाच जागी अडकतं: फाइल
- फक्त ब्लूटूथवर तुटतं: हवेतला रस्ता
- काही वेळाने सुरू होतं: उष्णता
- टास्क मॅनेजरमध्ये रकाना १०० टक्के: इतर प्रोग्रॅम किंवा डिस्क
- सगळं ठीक तरी टक-टक: ड्रायव्हर

दुरुस्तीला जातानाही या यादीचा उपयोग होतो. "गाणं नीट वाजत नाही" एवढंच सांगितलं तर दुकानदार फॉरमॅट मारून देतो. "डाउनलोड केलेली फाइल, वायरचा हेडफोन, तरी डिस्क १०० टक्के जाते तेव्हा अडकतं" असं सांगितलं, तर तो नेमकी डिस्क तपासतो. पैसे वाचतात आणि फाइलही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी

सगळी गाणी एका फोल्डरमध्ये कॉपी करून क्रमांक द्या. प्रत्येक गाणं त्याच स्पीकरवर, त्याच वायरने शेवटपर्यंत ऐका. सुरुवातीचे दहा सेकंद ऐकून "चालतंय" म्हणू नका. अपडेट आदल्या रात्री उरकून घ्या, कार्यक्रमात नेट बंद ठेवा. हीच गाणी एका मोबाइलमध्ये ठेवा आणि तो मोबाइल व वायर टेबलावर तयार असू द्या.

राष्ट्रगीत आणि १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत असलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' यांची आणखी एक तयारी असू द्या: मुलांना ती दोन्ही वाद्यांशिवाय, तालासुरात म्हणता आली पाहिजेत. शाळेच्या दिवसाची सुरुवात सामूहिक राष्ट्रगीत गायनाने करता येते, असं केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशातच आहे. लॅपटॉप थांबला तरी सावधान उभ्या मुलांचा आवाज थांबता कामा नये.

स्वाध्याय

१. ३ मिनिटांच्या गाण्यासाठी सीडीच्या दर्जात एकूण किती बाइट लागतील? गणित करून लिहा.
२. बफर आणि पाण्याची टाकी यांतील दोन साम्ये आणि एक फरक सांगा.
३. एका शाळेत गाणं वर्गात नीट वाजतं, मैदानावर ब्लूटूथ स्पीकरवर तुटतं. कोणती चाचणी आधी कराल? का?
४. "एका वेळी एकच बदल" हा नियम तुम्ही विज्ञानाच्या कोणत्या प्रयोगात वापरला आहे?
५. उपक्रम: शाळेच्या किंवा घरच्या लॅपटॉपवर गाणं लावून टास्क मॅनेजरमधले तीन रकाने पाच मिनिटं पाहा आणि दर मिनिटाची नोंद तक्त्यात करा.