जुन्या पाइपलाइनला जोड देण्यापूर्वी पाइप ओळखा

शिरूर तालुक्यात कवठे येमाईच्या परिसरात घोड नदीवरून उपसा करून आणलेल्या पाइपलाइन आता दोन पिढ्यांच्या झाल्या आहेत. भावाभावांत वाटण्या झाल्या, बोअर वाढले, ठिबक आले आणि एकाच चरात तीन-चार पाइप शेजारी पडले. कोणता कोणाचा हे जाणणारा माणूस आता हयात असतोच असे नाही. अशा एका चरात ठिबकची जोडणी करताना वरचा काळा पाइप पाण्याचाच समजून मी त्याला करवत लावायला सांगितले होते. त्यातून पंपाची केबल गेली होती आणि वीज चालू होती. बांधावरचे आजोबा वेळीच ओरडले म्हणून निभावले.

म्हणून पहिले काम विजेचे. मेन स्विच बंद करून किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत. स्टार्टरला ऑटो बसवलेला असेल तर नुसते बटण दाबून भागत नाही. लाइट येताच पंप आपोआप सुरू होतो. एकाच चरात शेजाऱ्याचीही केबल असू शकते. त्यालाही कळवावे व काळा पाइप दोन्ही टोकांपर्यंत पाहिल्याशिवाय कापू नये.

आता पाण्याचे पाइप. खड्डा हाताने उकरावा, पहार जपून वापरावी. पाइप ओल्या फडक्याने पुसला की पुष्कळदा कंपनीचे नाव, बाहेरचा व्यास आणि दाबाचा आकडा दिसतो. छाप पुसला असेल तर पाइपाभोवती सुतळी गुंडाळून घेर मोजावा व त्याला ३.१४ ने भागावे. घेर सुमारे १९८ मि.मी. भरला तर ६३ मि.मी.चा म्हणजे बाजारातला दोन इंची, २३६ भरला तर ७५ चा, २८३ भरला तर ९० चा आणि ३४५ च्या आसपास भरला तर ११० चा. व्यास असा कळतो, दाब मात्र कळत नाही. छाप नसलेला पाइप कमी दाबाचाच धरावा. १ किलो दाब म्हणजे सुमारे १० मीटर उंचीचे पाणी. शेताचे टोक पंपापासून ३० मीटर उंच असेल तर नुसत्या चढाचाच दाब ३ किलो झाला. घर्षण आणि पंप बंद होताना बसणारा पाण्याचा दणका निराळा. अशा ठिकाणी अडीच किलोचा तुकडा जोडला तर तो फुटणारच. ४ किलोचाही काठावरच राहतो, म्हणून ६ किलोचा घ्यावा.

पाइप कोणाचा हे ठरवायचे असेल तर खड्डा उघडा ठेवून, सर्वांना सांगून, एकेक पंप पाच-दहा मिनिटे चालवावा. त्या वेळी खड्ड्यात उतरू नये. काठावरूनच हात लावावा. ज्यातून पाणी जाते तो पाइप थरथरतो आणि उन्हाळ्यात दुपारी हाताला गार लागतो. खात्रीसाठी शेवटचा व्हॉल्व्ह उघडून पाणी कोठे पडते ते पाहावे. नंतर पुन्हा वीज तोडून पाइपवर रंगाने खूण करावी.

सर्वांत जास्त जपायचे ते घरच्या पिण्याच्या पाण्याच्या फाट्याला. पुष्कळ वस्त्यांवर हा फाटा शेताच्या मुख्य लाइनवरूनच घेतलेला असतो. खताची टाकी किंवा व्हेंचुरी या फाट्याच्या आधी बसली तर युरियाचे पाणी थेट माठात जाईल. फाटा आधी असला तरी पंप थांबताच पाणी मागे ओढले जाते आणि खत फाट्यात, कधी विहिरीतही उतरते. म्हणून घरचा फाटा खताच्या जागेच्या अलीकडे हवा आणि दोहोंच्या मध्ये चालू स्थितीतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा. त्याहून चांगले म्हणजे घरासाठी पाइपच वेगळा टाकावा. लेकरे त्याच नळाला तोंड लावतात. येथे शंभर-दोनशे फूट पाइपाचा खर्च वाचवू नये.

जोडताना एक चूक फार होते. करड्या पीव्हीसीला लावायचे सोल्युशन काळ्या एचडीपीईला धरत नाही. तेथे फ्लँज किंवा दाबून बसणारा कपलरच लागतो. जुना सिमेंटचा पाइप निघाला तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. तो कोरडा ग्राइंडरने कापू नये, धूळ फुप्फुसाला घातक असते. शक्य असेल तर तो तसाच पुरून नवी लाइन बाजूने न्यावी.

खड्डा बुजवण्याआधी वहीत नकाशा काढावा: विहिरीपासून किती पावले, कोणत्या झाडाच्या कोणत्या अंगाला, किती खोल, कोणाचा पाइप. जोडाच्या जागी दगड रोवावा. वहीची एक प्रत चरातील भागीदारांकडेही द्यावी.