केसपेपर काढल्याशिवाय माघारी फिरू नका

आमचे मामा अंबरनाथला राहतात. ऐन पावसाळ्यात चाळीच्या जिन्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. जवळच्या सरकारी रुग्णालयात नेलं, तर दारावरच्या कर्मचाऱ्याने रिक्षात डोकावूनच सांगितलं, "मावशी, हाडाचे डॉक्टर आज नाहीत. कळव्याला न्या, नाहीतर सायनला." मामा कण्हत होते, रस्ते तुंबलेले. मामींनी रिक्षा खासगी दवाखान्याकडे वळवायला सांगितली. अनामत भरायला पाटल्या गहाण पडल्या.

पुढे मामेभावाने त्या रुग्णालयाकडे तक्रार दिली. उत्तर आलं, त्या दिवशी या नावाचा रुग्ण आमच्याकडे आलेलाच नाही. कागदोपत्री ते खरंच होतं. केसपेपर निघाला नव्हता, मग नोंद कुठून असणार?

हे दुखणं एकट्या मामांचं नाही. २०११च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांची लोकसंख्या मिळून नऊ लाखांच्या वर होती. बदलापूर २००१ साली लाखाच्या आत होतं, दहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. त्यानंतर उभे राहिलेले टॉवर आपण पाहतोच. एवढ्या वस्तीचा भार मुख्यतः उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयावर, आणि मुरबाड-कर्जतकडचे रुग्णही तिथेच येतात. तिथे जमलं नाही की कळवा. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. ठाण्याचं जिल्हा रुग्णालय तेव्हा पुनर्बांधणीसाठी हलवलेलं होतं आणि कळव्यावरचा ताण वाढला होता. खालच्या दारातून परत पाठवलेला रुग्ण वरच्या दारात गर्दी करतो, तो असा.

खाटा, पदं, औषधं वाढवून मागायची तर ओपीडीचे आणि भरतीचे आकडे दाखवावे लागतात. तोंडी नकार घेऊन परतलेला माणूस त्या आकड्यांत नसतो. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेवरही लोक चिडतात; पण इंग्लंडमध्ये उपचारांसाठी ताटकळणाऱ्यांची संख्या दर महिन्याला जाहीर होते, म्हणून सरकारला तिथे धारेवर धरता येतं. आपल्याकडे निदान स्वतःची नोंद करून घेणं आपल्या हातात आहे.

म्हणून सांगते. पहिलं, काहीही झालं तरी केसपेपर काढा. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. दुसरीकडे पाठवत असतील तर का पाठवताहेत ते केसपेपरवर लिहून द्यायला सांगा आणि १०८ची रुग्णवाहिका मागा. तातडीच्या रुग्णाला "खाट नाही" म्हणून वाटेला लावता येत नाही. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका जखमी शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्यात जगण्याच्या हक्काचा भंग झाल्याचं ठरवून भरपाई द्यायला लावली.

दुसरं, रुग्णालय कोणाचं ते आधी माहीत करून घ्या. मध्यवर्ती रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचं. अंबरनाथचं छाया रुग्णालय मूळचं नगरपालिकेचं, पुढे राज्याकडे गेलं. कळवा ठाणे महापालिकेचं, सायन मुंबई महापालिकेचं. महापालिकेच्या रुग्णालयाची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे दिली, तर अर्ज टेबलं बदलत फिरत राहतो.

तिसरं, खासगीत जावंच लागलं तर अनामत भरण्याआधी विचारा, "इथे महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे का? आरोग्यमित्र कुठे बसतात?" रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. १५५३८८ या क्रमांकावर योजनेतली रुग्णालयं कळतात. पण योजनेत सगळेच आजार आणि सगळीच रुग्णालयं येत नाहीत. ताप, श्वानदंश, बाळंतपण यांसाठी गरिबाला दार उघडं हवं ते सरकारी दवाखान्याचंच.

चौथं, नर्सवर किंवा शिकाऊ डॉक्टरवर ओरडू नका. रिक्त पदं त्यांनी ठेवलेली नाहीत. उलट रिकाम्या खुर्चीचं कामही त्यांच्याच अंगावर पडतं. अंगावर धावून गेलात तर गुन्हा दाखल होईल आणि असलेला डॉक्टरही बदली मागेल.

पाचवं, "सरकारी काम, सहा महिने थांब" म्हणून सोडून देऊ नका. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात तीनच गोष्टी विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि कोणती औषधं किती दिवस संपलेली होती. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मामेभावाच्या चाळीतल्या चौघांनी मिळून असा अर्ज केला. अस्थिरोगतज्ज्ञाचं पद बरेच महिने रिकामं असल्याचं त्यात लेखी मिळालं.

आता मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकापुढे ते हाच कागद ठेवतात. पद भरलेलं नाही, प्रश्न मात्र टाळता येत नाही. तुमच्या शहरातल्या रुग्णालयाचा असा कागद तुमच्याकडे नसेल, तर या आठवड्यात अर्ज टाका.