शुश्रूषा करणाऱ्याचा समाचार

मनाला घोर लागला की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, असे आपल्या घरांतील वडीलधारी माणसे म्हणत आली आहेत. चिंता आणि चिता यांत एका अनुस्वाराचेच अंतर, हेही आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु चिंता शरीरात नेमके काय करते, हे मोजून पाहता येईल काय? अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी आपले संशोधन याच प्रश्नास वाहिले. त्यांचे पती रोनाल्ड ग्लेझर हे विषाणूंचे अभ्यासक होते. एकाला मनाची पारख, दुसऱ्याला रक्ताची. असा हा जोडीचा उद्योग होता.

आरंभ त्यांनी विद्यार्थ्यांपासून केला. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वैद्यकीच्या पहिल्या वर्षाच्या ७५ विद्यार्थ्यांचे रक्त दोनदा तपासले: एकदा परीक्षेच्या महिनाभर आधी व पुन्हा परीक्षेच्या पहिल्या दिवशी. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या काही विशिष्ट पेशींचे बळ परीक्षेच्या दिवशी घटलेले आढळले. ज्यांना एकटेपणा अधिक जाणवत होता, त्यांच्यात ते आणखी कमी होते.

परीक्षा संपते; पण घरातील दीर्घ दुखणे लवकर संपत नाही. म्हणून त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया निवडल्या आणि त्याच वयाच्या, तशाच सांपत्तिक स्थितीच्या, परंतु असा भार नसलेल्या आणखी १३. प्रत्येकीच्या संमतीने हातावर साडेतीन मिलिमीटरची लहानशी जखम केली. हायड्रोजन पेरॉक्साइड लावल्यावर फेस येईनासा झाला, म्हणजे जखम भरली असे मानावयाचे. भार नसलेल्या स्त्रियांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. शुश्रूषा करणाऱ्यांना जवळजवळ ४९ दिवस लागले. हा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी इन्फ्लुएंझाच्या लशीचा अभ्यास आला. त्यातही शुश्रूषा करणाऱ्यांच्या शरीराने लशीला दिलेला प्रतिसाद क्षीण ठरला.

असे का व्हावे? जखम झाली की तेथील पेशी काही रासायनिक द्रव्ये सोडून साहाय्यक पेशींना बोलावून घेतात. सफाई करणे, जंतूंना अडविणे व नवे ऊतक बांधणे ही कामे मग सुरू होतात. ताणाच्या काळात शरीरात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात व ही हाक मंद करतात. हाक उशिरा पोहोचली की डागडुजीही उशिरा होते.

घरातील वातावरणाचाही प्रभाव पडतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ४२ दांपत्यांच्या अभ्यासात, परस्परांशी कडवटपणे बोलणाऱ्या नवराबायकोंच्या जखमा सलोख्याने बोलणाऱ्यांच्या मानाने बऱ्याच संथपणे भरल्या. उलट, ताण हलका करण्याचे उपायही या विदुषींनी तपासले. त्यांत आपला हठयोगही होता. स्तनाच्या कर्करोगावरील उपचार झालेल्या २०० स्त्रियांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्याजणींनी बारा आठवडे योगाभ्यास केला. त्यानंतर तीन महिन्यांनी पाहता, त्यांचा थकवा व शरीरातील दाहाची लक्षणे इतर स्त्रियांपेक्षा कमी होती.

यातून भलता अर्थ मात्र काढू नये. रोग मनाचाच खेळ आहे, असे हे संशोधन म्हणत नाही. औषध व वैद्य यांची गरज तशीच राहते. शिवाय काही प्रयोगांतील माणसांची संख्या लहान होती, हेही ध्यानात ठेवावे. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते. शुश्रूषेचा भार नुसता मनावर पडत नाही, तो शरीरावरही पडतो. आणि शुश्रूषा करणारे माणूस तक्रार करीत नाही, म्हणून तो हलका होत नाही.

आपल्या कुटुंबांतून अंथरुणास खिळलेल्या वृद्धांची सेवा बहुधा एकच व्यक्ती करते. पत्नी, सून किंवा लेक. आपण समाचारास जातो, फळे ठेवतो, आजाऱ्याची विचारपूस करतो आणि तिच्या हातचा चहा घेऊन परततो! पुढील वेळी तिचीही विचारपूस करावी. दुपारचे दोन तास किंवा रात्रीची एक पाळी आपण घ्यावी व तिला निश्चिंत झोपू द्यावे. याला पैसा लागत नाही; आणि या संशोधनाकडे पाहता, ही मदत केवळ तिच्या मनाला दिलासा नव्हे, तिच्या शरीरालाही आधार आहे.