संस्थेची उत्तरपूजा

उत्सव संपला म्हणजे मूर्ती कोपऱ्यात ठेवून दार लोटून घेण्याची आपली रीत नाही. उत्तरपूजा होते, निरोप घेतला जातो आणि मगच विसर्जन होते. संस्थेचेही तसेच असावे. परंतु वाडवडिलांनी हौसेने काढलेली कित्येक वाचनालये, भजनी मंडळे व साहाय्यक निधी आज उत्तरपूजेवाचून पडून आहेत. सभासद पांगले, चिटणीस वारले, कपाटाची किल्ली कोणाकडे हे कोणास ठाऊक नाही. संस्था बंद पडली असे आपण म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती जिवंतच असते. तिचे देणे फिटलेले नसते, हिशेबाची जबाबदारी सुटलेली नसते. आणि दहा वर्षे व्यवहार न झालेल्या तिच्या बँकखात्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते.

मग रीतसर विसर्जन कसे करावे? १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने त्याची मूळ चौकट घालून दिली आहे. कर्नाटकाने १९६० साली व मध्य प्रदेशाने १९७३ साली आपापले निराळे कायदे केले. तेथील वाचकांनी ते पाहावेत.

पहिले काम सभासदांची यादी तपासण्याचे. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, तो सभासद मोजला जात नाही. नंतर केवळ याच कामासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी. विसर्जनास एकूण सभासदांच्या किमान तीनपंचमांश मते लागतात. केवळ हजर असलेल्यांच्या नव्हे. यादीत ५० नावे असून २० जणांची वर्गणी थकली असेल, तर उरलेल्या ३० पैकी १८ जणांची संमती हवी. दहाजण जमून एकमताने ठराव झाला, तरी तो पुरत नाही. सरकारचे अनुदान असेल, तर सरकारचीही संमती लागते.

त्यानंतर नियमावलीप्रमाणे सर्वांचे देणे चुकते करावे. वाद झालाच तर तो जिल्ह्याच्या मुख्य दिवाणी न्यायालयापुढे जातो.

उरलेल्या पैशाचे काय, हा खरा कसोटीचा प्रश्न. "आमच्या वडिलांनी वर्गणी दिली, आम्हांस वाटा मिळावा," असे कोणी म्हणेल. कायद्याचे चौदावे कलम यास स्पष्ट नकार देते. शिल्लक सभासदांत वाटता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेसच द्यावी लागते, आणि ती संस्था कोणती हे तीनपंचमांश मतांनी, अन्यथा न्यायालयाने ठरवावयाचे असते. आम्हांस यात कायद्याचा कठोरपणा दिसत नाही. दिलेले दान परत मागू नये, हे आपल्या घरांत पूर्वापार शिकवलेलेच आहे.

देवाच्या मालमत्तेची गोष्ट आणखी वेगळी. देवता ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती होय, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली मान्य केले आहे. व्यवस्था पाहणारे मंडळ विसर्जित होऊ शकेल. देवाच्या नावे असलेली जमीन व दागिने त्याबरोबर विसर्जित होत नाहीत.

आमची विनंती एवढीच की, जाणती माणसे हयात आहेत तोवर ती जुनी कपाटे उघडावीत. जी संस्था चालवता येईल ती चालवावी. जी चालत नाही, तिचे धन चालत्या संस्थेच्या ओंजळीत घालून तिला सन्मानाने निरोप द्यावा.